टिकटिकची शेवटची चाल

घड्याळजींच्या मुलाला दोन नोकऱ्या आहेत, असं त्याची बायको गमतीने म्हणायची. एक पगारी आणि एक बिनपगारी. पगारी नोकरी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होती. दिवसभर तो उंच इमारतींच्या लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचा, दोर तपासायचा, अडकणारी दारं मार्गी लावायचा. संध्याकाळी घरी येऊन हातपाय धुतले की खिडकीजवळच्या खुर्चीत बसून दुसरी नोकरी सुरू. हातात मावेल एवढा, राखाडी रंगाचा, हिरवट पडद्याचा तो जुना गेमचा डबा त्याने लहानपणापासून जपला होता. पण तो त्याच्यावर गेम खेळत नसे. त्याच्यावर गाणी बनवायचा.

लग्न झाल्यावर नव्या नवलाईत तिने विचारलं होतं, "यात पेटी कुठे असते?"

"पेटी नाही. चार आवाज आहेत. दोन पिपाणीसारखे, एक घुमणारा आणि चौथा म्हणजे नुसती खरखर. खरखर बारीक तोडली की झांज होते, जाड तोडली की ढोल."

"चारच?"

"चारच. त्यातच सगळं बसवायचं. आपल्या स्वयंपाकघरासारखं."

स्वयंपाकघरात दोघं उभे राहिले की एकाला दारात जावं लागायचं, त्यामुळे तिला हे लगेच पटलं. मग त्याने तिला पडद्यावरची उभी रांग दाखवली. वरून खाली एकेक ओळ, प्रत्येक ओळीत एक सूर. कुठला सूर, किती जोरात, किती वेळ, हे सगळं अंगठ्याने बटणं दाबून भरायचं. एका छोट्या कडव्याला त्याला कधी कधी आठवडा लागायचा. ती स्वतः कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. मेणात एकेक दात बसवायचा, पुन्हा काढायचा, केसभर वळवून पुन्हा बसवायचा, हेच तिचं दिवसभराचं काम. त्यामुळे वेळ लागण्याचं तिला काही वाटलं नाही. उलट हा माणूस आपल्यातलाच आहे, असं वाटलं.

तिच्या सासऱ्यांना मात्र त्यातलं काही पटत नसे. घड्याळजींचं घड्याळदुरुस्तीचं दुकान घराच्या खालीच होतं. दिवसभर टिकटिक ऐकून शिणलेल्या कानांना घरी आल्यावर शांतता हवी असायची, आणि घरात हा.

"झाली का सुरू तुझी पिपाणी?" जिना चढतानाच ते विचारायचे. "दाराची बेल बिघडल्यासारखं वाजतंय."

"बाबा, पूर्ण ऐका तरी एकदा."

"ऐकलं की. दोन भिंती पलीकडून ऐकलं. गाढवाला गुळाची चव काय, असं समज आणि सोडून दे मला."

मुलगा हसायचा आणि कानात वायर खुपसायचा. बाप-लेकात भांडण असं कधी नव्हतं. बापाने पिपाणी म्हणायचं, मुलाने कानात वायर घालायची, एवढाच त्यांचा व्यवहार होता. मित्रमंडळींत मात्र तो 'टिकटिक' म्हणून ओळखला जायचा, घड्याळजींचा मुलगा म्हणून. एका जुन्या इमारतीच्या तळघरात महिन्या-दोन महिन्यांनी अशा वेड्यांचा कार्यक्रम व्हायचा. त्याचा शाळेपासूनचा मित्र, सगळे त्याला लंबू म्हणत, तिथे स्पीकर लावायचा. चाळीस-पन्नास माणसं जमायची, आणि तो एवढासा डबा हातात धरून टिकटिक उभा राहिला की तळघराची जमीन हलायची. ती प्रत्येक वेळी जायची. सासऱ्यांना बोलवायची, तर ते म्हणायचे, "आता या वयात उड्या मारायला लावतेस का?"

मग तो आजारी पडला. रक्ताचा आजार. सुरुवातीला नुसती दमणूक वाटली, मग ताप, मग तपासण्या, आणि मग दवाखान्यात खाटच मिळाली. लिफ्टचे लोखंडी पान्हे उचलणारे त्याचे हात पाण्याचा पेला उचलताना थरथरायला लागले. पण तो डबा हलका होता. तेवढा त्याला पेलायचा.

दवाखान्यात तो उशीला टेकून, कानात वायर घालून, दिवसातला बराच वेळ एकच चाल बनवत बसायचा. शेजारच्या स्टुलावर ती बसलेली असायची. तिला गाणं ऐकू यायचं नाही. ऐकू यायची ती फक्त बटणांची टकटक. थोडी टकटक, मग थांबणं, मग एकच टक. तिने एकदा विचारलं, "कशाचं आहे हे?"

"झालं की ऐकवतो."

"अर्धं ऐकव."

"अर्धं शिजलेलं कुणी वाढतं का?"

"मी मागते आहे ना. मग वाढायला काय झालं?"

"थांब गं जरा," तो म्हणाला आणि त्याने डोळे मिटले. त्याने ती चाल तिला ऐकवली नाही. एका सकाळी ती अंघोळीला आणि कपडे बदलायला घरी गेली होती, तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला.

*

त्यानंतर घरात दोनच माणसं उरली, सून आणि सासरे. दोघंही कमी बोलणारी. सकाळी ती जेवणाचा डबा घेऊन लॅबमध्ये जायची, ते खाली दुकान उघडायचे. संध्याकाळी ते जेवायला बसायचे आणि दोन घास चिवडून उठायचे. "भूक नाही," एवढंच. त्यांचा सदरा खांद्यावरून सैल पडायला लागला. ती आत घेऊन शिवून द्यायची.

राखाडी डबा तिने कपाटात, त्याच्या स्वेटरच्या घडीत ठेवला होता. लंबू अधूनमधून यायचा. दारातून आत येताना सवयीने मान वाकवायचा, चहा घ्यायचा आणि निघताना दरवेळी तेच सांगायचा.

"वहिनी, डब्यात ती कार्ट्रिज बसते ना, गाणी साठवायची, तिच्या आत एक छोटा सेल असतो. बटणाएवढा. गाणी त्याच्या जिवावर तगून असतात. तो सेल गेला की सगळं पुसलं जातं. आधीची गाणी माझ्याकडे रेकॉर्ड केलेली आहेत, पण हे शेवटचं नाही. मला एक दिवस द्या, तुमच्या समोर बसून करतो."

"देते भावजी. पुढच्या आठवड्यात."

पुढचा आठवडा यायचा आणि जायचा. ती चालढकल का करत होती, हे तिला नीट कळत होतं. त्याचं सगळं बोलून संपलं होतं, फक्त ही एक गोष्ट बोलायची राहिली होती. ती ऐकली की तेही संपणार होतं. तोवर काहीतरी शिल्लक होतं. हे लंबूला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून ती आठवडे सांगत राहिली.

एका रविवारी तिने धीर करून डबा काढला. डब्याच्या पाठीमागे नवे सेल घातले, खटका सरकवला. पडदा उजळला. त्याच्या गाण्यांच्या नावांची रांग दिसली, आणि सगळ्यात खाली एक बिननावाची ओळ. तिचा अंगठा बटणावर गेला. तेवढ्यात पडदा फिका पडला, थरथरला, पुन्हा आला. तिने घाबरून डबा बंद केला आणि स्वेटरमध्ये तोंड खुपसून रडली. सासरे पाणी प्यायला उठले होते. त्यांनी दारातून पाहिलं आणि पाणी न पिताच ते मागे फिरले.

त्यांना वाटलं, डबा बिघडलाय म्हणून पोर रडते आहे.

पुढच्या मंगळवारी ती लॅबमधून परतली तर घरात दिवा लागलेला. सासरे टेबलाशी बसलेले, डोळ्यावरचं भिंग अजून कपाळावर चढवलेलं. समोर स्वच्छ फडक्यावर तो राखाडी डबा. त्याच्या फटीफटींतली वर्षांची मळी निघाली होती, काचेवरचे ओरखडे घासून घालवले होते. डबा नवाकोरा दिसत होता.

"बस," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात कित्येक महिन्यांत नसलेलं काहीतरी होतं. "आतले पत्रे गंजले होते, ते घासले. म्हणून तो पडदा थरथरत होता. आणि ही जी वडी आत बसते ना, तीही उघडून बघितली. तिच्यात सेल होता. पार मरायला टेकलेला, फुगला होता बिचारा. नवा घातला. चांगल्यातला घातलाय. सोल्डरचा टाका कसा आलाय, बघायचाय का?"

तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. "जुना काढून नवा घातलात?"

"मग. काढल्याशिवाय घालणार कसा? हे घे, चालू कर."

तिने खटका सरकवला. पडदा इतका स्वच्छ आणि स्थिर तिने कधी पाहिला नव्हता. गाण्यांच्या रांगेत काही नव्हतं. वरपासून खालपर्यंत नुसत्या रिकाम्या ओळी.

ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. लहान मुलाने काढलेलं चित्र दाखवून आईकडे बघावं, तसे.

"छान झालंय, बाबा," ती म्हणाली.

"आता कितीतरी वर्षं बघायला नको," ते म्हणाले आणि हात धुऊन स्वतःच ताट घेऊन बसले. त्या दिवशी ते व्यवस्थित जेवले. भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली. जेवताना म्हणालेसुद्धा, "घड्याळापेक्षा सोपं आहे गं आतून. उगीच मी एवढी वर्षं घाबरत होतो त्याला."

ती मान हलवत राहिली. आपल्या ताटातली भाजीही तिने त्यांच्याकडे सरकवली.

*

दुसऱ्या दिवशी लॅबमधून अर्धी रजा टाकून ती तळघरात गेली. लंबू वायरींची वेटोळी करत होता. तिने कार्ट्रिज त्याच्या हातात दिली. त्याने ती आपल्याकडच्या डब्यात घातली, पाहिलं, काढली, फुंकर मारून पुन्हा घातली. मग उलटी करून मागचे स्क्रू पाहिले.

"कुणी उघडली?"

"बाबांनी. सेल बदलला."

लंबू स्पीकरच्या खोक्यावर बसला. एवढा उंच माणूस, बसल्यावर अगदी लहान दिसायला लागला.

"काही करता येईल का, भावजी?"

"नाही."

"कुठल्या कंपनीला, कुणाला विचारून..."

"नाही हो वहिनी. ते कुठे लपून बसलेलं नसतं. वीज होती तोवर होतं. वीज गेली, संपलं." कार्ट्रिज तिला परत देत तो म्हणाला, "मीच येऊन तुमच्या दारात बसायला हवं होतं."

"तुम्ही दहादा सांगितलंत. मीच दिलं नाही."

"बाबांना सांगितलंत?"

"नाही. आणि तुम्हीही सांगू नका. काल ते जेवले."

लंबूने मान हलवली. त्याला त्या घरातली ताटं माहीत होती.

पण घड्याळजींनी गप्प बसायचं कारण नव्हतं. एवढी दुरुस्ती केली, ती वाजताना ऐकावी असं त्यांना वाटणारच. "सूनबाई, वाजतोय ना नीट?" असं आधी सहज विचारलं. मग एकदा, "त्याने शेवटी ते काहीतरी बनवलं होतं, ते असेल ना त्यात?" मग एका संध्याकाळी अगदी संकोचून, दुसरीकडे बघत, "वेळ झाला की लाव एकदा. मी बसतो ऐकायला."

आयुष्यभर ज्याने दोन भिंतींपलीकडून ऐकलं, तो माणूस बसतो म्हणाला. तिने डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. पुढच्या वेळी वायर सापडत नाही म्हणून सांगितलं. असं किती दिवस सांगणार? शेवटी तिने ठरवलं, की आपणच एक चाल बनवायची आणि तीच लावायची. यांनी कधी त्याचं गाणं धड ऐकलेलं नाही. यांना काय कळणार आहे?

लंबू तिला शिकवायला लागला. दर शनिवारी दुपारी ती तळघरात जायची. तिची बोटं बारीक कामाला सरावलेली होती, बटणं तिला लवकर जमली. सूर जमायला फार वेळ लागला. तिने भरलेली पहिली रांग वाजवली तेव्हा लंबूसुद्धा हसला, आणि तीही हसली, खूप दिवसांनी. "लिफ्ट मध्येच अडकलीय वाटतं," लंबू म्हणाला. ती त्याची जुनी गाणी पुन्हा पुन्हा ऐकायची. तो सूर कुठे तोडतो, खरखर कुठे आणतो, दोन पिपाण्यांना एकमेकींच्या मागे कसा धाडतो, हे तिला तेव्हा कळायला लागलं. तो असताना ती फक्त त्याच्याकडे बघत असे. आता ती ऐकत होती. हे त्याच्याशी बोलता आलं असतं तर किती बरं झालं असतं, असं तिला प्रत्येक शनिवारी वाटायचं, आणि परतताना रस्त्यात तिचे पाय जड व्हायचे.

उन्हाळा सरला तेव्हा तिची एक छोटी चाल तयार झाली. तिने लंबूला विचारलं, "त्याच्यासारखी वाटते?"

लंबूने प्रामाणिकपणे सांगितलं, "तुमच्यासारखी वाटते. पण चांगली आहे, वहिनी."

*

रविवारी दुपारी घड्याळजी धुतलेला सदरा घालून खुर्चीत बसले. कार्यक्रमाला आल्यासारखे. तिने छोटा स्पीकर जोडला, डबा चालू केला आणि बटण दाबलं.

ते मान खाली घालून ऐकत होते. घड्याळ कानाशी धरून ऐकताना बसायचे, तसे. चाल संपली तरी त्यांनी मान वर केली नाही. तिला वाटलं, झालं, निभावलं.

"चांगलं आहे," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "पण हे ते नाही."

"कुठलं ते?"

"त्याने दवाखान्यात ऐकवलं होतं, ते."

तिने डबा खाली ठेवला.

"तू घरी गेली होतीस एकदा. औषध आणायला का कशाला. त्याने एक वायर माझ्या कानात घातली, एक स्वतःच्या. म्हणाला, बाबा, अजून पूर्ण नाही, पण तुम्ही ऐका. तिला झाल्यावर ऐकवणार आहे. तुम्हाला आत्ताच ऐकवतो, कारण तुम्ही कसंही झालं तरी नावंच ठेवणार." ते किंचित हसले. "मी ऐकलं. मग तो म्हणाला, बोला काय ते. मी म्हटलं, बरंय. एवढंच म्हटलं. तर इतका हसला, इतका हसला, की नर्स बघायला आली. म्हणाला, घड्याळजी बरंय म्हणाले, आता मला काही नको."

ती खाली बसली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं होतं. ज्या चालीसाठी ती लंबूच्या तळघरात महिनेच्या महिने बसली, ती ऐकलेला जगातला एकमेव माणूस तिच्या समोर रोज ताट चिवडत बसत होता.

"मला सांगितलं का नाहीत, बाबा?"

"तुला वाईट वाटेल म्हणून. तुझ्या आधी मला ऐकवलं म्हणून. मला वाटलं, डब्यात आहेच, तू ऐकशील सावकाश." मग त्यांनी विचारलं, "ते कुठे आहे?"

आता खोटं बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिने सांगितलं. शक्य तितक्या कमी शब्दांत, सेलचं, लंबूच्या सांगण्याचं, स्वतःच्या चालढकलीचं, सगळं. शेवटी त्यांनी फक्त धंद्यातल्या माणसासारखा एक प्रश्न विचारला.

"आधी बाहेरून दुसरा सेल जोडून ठेवला असता आणि मग जुना काढला असता तर?"

तिला लंबूने हे सांगितलं होतं. तिने खोटं बोलावं की नाही याचा क्षणभर विचार केला. "तर राहिलं असतं."

"हं," ते म्हणाले. "दोन मिनिटांचं काम होतं."

ते उठून जिना उतरून खाली गेले. रविवार असून दुकानाचं शटर अर्धं वर गेल्याचा आवाज तिने ऐकला. बऱ्याच वेळाने ती खाली गेली, तर ते दिवा न लावता आपल्या जागेवर बसले होते. भिंतीवरची घड्याळं चालू होती, प्रत्येकाची वेळ थोडी थोडी वेगळी. ती गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली.

"सांगितलं का नाहीस त्याच दिवशी?"

"तुम्ही जेवलात त्या दिवशी."

त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. "मुलगा गेला तेव्हा लोक म्हणाले, तुमच्या हातात काय होतं, घड्याळजी. ते खरं होतं. काही नव्हतं माझ्या हातात. हे मात्र होतं."

"बाबा, मी वेळेवर दिलं असतं तर..."

"तुझं वेगळं. तू जपून ठेवलं होतंस. मी उघडलं."

बाहेर रस्त्यावरून कुणी तरी सायकल ढकलत गेलं. ते दोघं तसेच बसून राहिले आणि अंधार पडायच्या आत तिने त्यांना हाताला धरून वर आणलं.

*

त्यानंतर काही आठवडे घड्याळजींनी सेलचं काम घेणं बंद केलं. गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, "चावीचं असेल तर द्या. सेलचं पलीकडच्या गल्लीत करून मिळेल." लोकांना वाटलं, म्हाताऱ्याची नजर गेली. ताट पुन्हा चिवडलं जायला लागलं. ती समोर बसून त्यांच्या पानात थोडं थोडं वाढत राहायची, तेवढंच तिला करता येत होतं.

मग एका सकाळी ती लॅबला निघताना ते दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "त्याच्या त्या चालीची सुरुवात मला येते. म्हणजे येईल असं वाटतं. मला गाता येत नाही, पण तू ते बटणं दाबून करतेस ना, तसं करून बघू या."

त्या संध्याकाळी दोघं टेबलाशी बसले. घड्याळजी गुणगुणले. आयुष्यात पहिल्यांदा ती त्यांचा गाता आवाज ऐकत होती. तो फाटका, लाजरा आवाज दोन सुरांच्या मध्येच कुठेतरी लटकत होता. गाता येईना तेव्हा त्यांनी चिमट्याने टेबलावर ठेका धरला. ती सूर भरायची, वाजवायची, ते मान हलवायचे. "वर. अजून थोडं वर. आता इथे थांबायचं. लिफ्ट थांबायच्या आधी जरा उचकी देते ना, तसं." ती हसायची आणि तसं करून बघायची. "हां, जवळ आलं."

लंबूही येऊन बसायला लागला. घड्याळजी त्याला म्हणायचे, "लंब्या, तू काही बोलू नकोस, मला आठवू दे." आणि लंबू खरंच काही बोलत नसे. हळूहळू एक तुकडा उभा राहिला. वीसेक ओळींचा. एक पिपाणी वर चढत जाते, अडखळते, आणि दुसरी खालून तिला येऊन मिळते. तिला तो तुकडा ऐकताना पहिल्यांदा वाटलं, की हो, हा तोच आहे. हा त्याचाच आहे. इतकं वाटलं, की ती स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली.

तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण घड्याळजी काम अर्धवट सोडणारे नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं, "तिसरा सूर खालचा हवा." तिने खालचा केला. दोन दिवसांनी म्हणाले, "नाही, वरचाच होता बहुतेक." तिने वरचा केला. मग थांबण्याची जागा बदलली, मग पुन्हा होती तिथे आणली. रोज संध्याकाळी ते डोळे मिटून बसायचे, ती वाजवायची, आणि ते एकच काहीतरी सुधारायचे. कधी कालची सुधारणा मोडायचे. लंबूने तिला जिन्यात हळूच सांगितलं, "वहिनी, बाबांना थांबवा. ते आता ओढून आणतायत." ती म्हणाली, "कुठल्या तोंडाने थांबवू?"

एका संध्याकाळी तिने नेहमीप्रमाणे तुकडा वाजवला. घड्याळजी डोळे मिटून होते. तिने वाट पाहिली. पुन्हा वाजवला. तिने तिसऱ्यांदा बटणावर अंगठा ठेवला, तेव्हा त्यांनी हात वर केला.

"पुरे," ते म्हणाले. "आता नको."

"काही चुकतंय का?"

"ते मला कळत नाही आता." त्यांनी डोळे उघडले. ते कोरडे होते, पण कुठे बघावं ते त्यांना समजत नव्हतं. "आधी मी डोळे मिटले की तो दवाखाना दिसायचा, वायर दिसायची, त्याचा हात दिसायचा, आणि मागे ते वाजायचं. आता डोळे मिटले की हे टेबल दिसतं. आणि वाजतं ते हेच. मूळचं आठवतच नाही, सूनबाई. हेच आठवतं."

ती हातातल्या डब्याकडे बघत बसली. लंबू भिंतीला टेकून उभा होता, त्याने मान खाली घातली. म्हणजे जगात ती चाल जिथे उरली होती, तिथूनही ती गेली. आणि ती कुणा एकाने पुसली नव्हती. तिघांनी मिळून, जीव लावून, रोज संध्याकाळी बसून घालवली होती.

मग तिने विचारलं, "बाबा, हे ठेवू की काढून टाकू?"

त्यांनी विचार केला. घाईने उत्तर देणारा तो माणूस नव्हता.

"ठेव," ते म्हणाले. "पण त्याचं म्हणून कुणाला ऐकवू नका. लंब्या, तुझ्या तळघरात त्याची खरी आहेत ती लाव. मी येईन एकदा. मागे उभा राहीन."

"खुर्ची देतो, बाबा."

"खुर्ची दिलीस तर येणार नाही."

लंबू कसनुसा हसला. तिने तुकडा जतन केला आणि डबा बंद केला. घड्याळजी भिंग पुसत बसले होते. खालून कुणी तरी शटर ठोठावून हाक मारली, घड्याळ बंद पडलंय म्हणून. ते उठले, चपला शोधल्या, आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत खाली गेले.